गर्द निळी भिंत आणि उजेडाचा हिशेब

घर बांधणाऱ्याच्या किंवा विकत घेणाऱ्याच्या हिशेबात रंगकाम नेहमी सर्वांत शेवटी येते. सदनिकेची किंमत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, फरशी, नळजोडणी, विजेची कामे आणि स्वयंपाकघराचा ओटा ही सारी देणी भागवून झाली, की जे काही शिल्लक राहते त्यात भिंती रंगवायच्या असतात. गृहकर्जाचा शेवटचा हप्ता उचललेला असतो, खिसा रिकामा होत आलेला असतो आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त जवळ आलेला असतो. अशा वेळी बहुतेक कुटुंबे निमूटपणे मोतिया किंवा बदामी छटेवर शिक्कामोर्तब करतात. त्यात चूक होण्याचा संभव कमी असतो, हेही खरेच.

परंतु प्रत्येक घरात असे कोणीतरी असते, की ज्याचे बोट रंगपट्टीवरील गर्द निळ्या चौकोनावर येऊन थांबते. कधी ती कॉलेजात जाणारी कन्या असते, कधी नव्याने आलेली सूनबाई, तर कधी निवृत्तीनंतर प्रथमच स्वतःच्या घरात राहायला आलेले गृहस्थही. मग घरात दोन पक्ष पडतात. ‘खोली अंधारी होईल’ असे एक पक्ष बजावतो. ‘निळा रंग थंडावा देतो, आपल्या गावाकडच्या घराच्या भिंती निळ्याच तर होत्या’ असे दुसरा पक्ष सांगतो. गंमत अशी, की दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते. फक्त ते दोन वेगवेगळ्या निळ्यांविषयी बोलत असतात. गावाकडच्या भिंतीवरचा निळा आणि दुकानातल्या यंत्रातून पाच मिनिटांत तयार होऊन येणारा गर्द निळा यांचे नाव एक असले, तरी उजेडाशी त्यांचे वागणे अगदी उलट आहे. हा फरक ज्याच्या ध्यानात आला, त्याला गर्द निळ्या भिंतीची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही. ज्याच्या ध्यानात आला नाही, त्याला वर्षभरात ती भिंत पुन्हा पांढरी करून घ्यावी लागते.

चुन्यातली नीळ

दसरा-दिवाळीच्या आधी चुनकाम करण्याची प्रथा अजूनही अनेक गावांत टिकून आहे. चुनकळी पाण्यात भिजवायची, निवल्यावर कापडातून गाळायची, रंग धरावा म्हणून त्यात थोडा डिंक किंवा मीठ घालायचे आणि शेवटी नीळ. नुसता चुना वाळल्यावर किंचित पिवळसर दिसतो. चिमूटभर निळीने तो पिवळेपणा मारला जातो आणि भिंत अधिक पांढरी भासते. धोतराला, शाळेच्या सदऱ्याला नीळ देण्यामागेही हेच तत्त्व आहे. निळीचे प्रमाण थोडे वाढविले, की भिंत पांढरी न राहता अस्मानी होते. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात अशा अस्मानी भिंती, निळे कोनाडे आणि चौकटीभोवती ओढलेले निळे पट्टे आजही दृष्टीस पडतात. आंबेडकरी वस्त्यांत आणि बौद्ध विहारांत तर निळ्याला आणखी एक अर्थ प्राप्त झाला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा ध्वज निळा. त्यामुळे तिथे भिंतीला निळा रंग देणे ही केवळ हौस नसते, तो स्वाभिमानाचा उच्चार असतो.

या चुन्याच्या निळ्याचे एक वैशिष्ट्य रंगारी जाणतात. कितीही नीळ घातली, तरी तो एका मर्यादेपलीकडे गडद होत नाही. भिंतीवर लावलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेऊन पुन्हा चुनखडीत रूपांतरित होतो आणि निळीचे कण त्या शुभ्र स्फटिकांत अडकून बसतात. म्हणजे दर निळ्या कणाच्या शेजारी पांढऱ्या कणांची गर्दी असतेच. हट्टाने नीळ वाढवीत गेले, तर चुना तिला धरून ठेवू शकत नाही आणि भिंतीला टेकणाऱ्याची पाठ निळी होते! ही भिंत रंगाने निळी असली, तरी स्वभावाने पांढरीच असते. पडलेला बराचसा उजेड ती परत करते. गावाकडच्या निळ्या भिंतीचा जो थंडावा सर्वांच्या स्मरणात असतो, त्याचे श्रेय या पांढरेपणाला, दोन-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतींना आणि ओलावा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या चुन्याला द्यावे लागते. निळीचा त्यात वाटा आहे तो डोळ्यांपुरता.

निळ्या घरांचा विषय निघाला, की जोधपूरचे नाव निघणारच. राव जोधा यांनी १४५९ मध्ये वसविलेल्या या नगरात मेहरानगड किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिले, की ब्रह्मपुरी नावाच्या जुन्या वस्तीतील घरे निळ्या छटांची गोधडी पसरल्यासारखी दिसतात. हा रंग कसा रूढ झाला याविषयी स्थानिक लोक निरनिराळी कारणे देतात. ब्राह्मणांची घरे ओळखू यावीत म्हणून, असे कोणी म्हणतो. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून, असे कोणी. चुन्यात मोरचूद मिसळल्याने वाळवी लागत नाही, हेही एक कारण सांगितले जाते. नाशिक आणि सांगली भागांतील द्राक्ष बागायतदारांना हे शेवटचे कारण अपरिचित वाटणार नाही. मोरचूद आणि चुना यांचे पाण्यातील मिश्रण म्हणजेच त्यांच्या नित्याच्या फवारणीतले बोर्डो मिश्रण आणि त्याचा रंगही असाच अस्मानी असतो.

ब्रह्मपुरीची ही निळाई अलीकडे विरळ होत चालली आहे. जुन्या चुनेगच्चीच्या जागी सिमेंटच्या भिंती आल्या. त्यांवर चुना पूर्वीसारखा धरत नाही. चुनकाम दरवर्षी करावे लागते, त्याला माणसे आणि पैसा लागतो. तयार डबा आणून एकदा रंगवून टाकणे अनेकांना सोयीचे वाटते. त्यात घरमालकांना दोष देता येणार नाही. पर्यटकांच्या छायाचित्रांसाठी कोणी दर वर्षी स्वतःच्या भिंतींवर खर्च करावा, ही अपेक्षा दुसऱ्याच्या पैशांवर केलेली हौस ठरेल.

सोन्याच्या मोलाचा रंग

निळीची पुडी आज वाण्याच्या दुकानात किरकोळ किमतीला मिळते. परंतु शतकानुशतके निळा हाच चित्रकाराच्या पेटीतला सर्वांत महागडा रंग होता. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रांतले पिवळे, तांबडे, हिरवे हे रंग माती-दगडांपासून केलेले आहेत. निळा मात्र लाजवर्द नावाच्या खड्याचा आहे आणि हा खडा येत असे आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांताच्या खाणींतून. हिंदुकुशाच्या पलीकडून सह्याद्रीच्या कुशीतील लेण्यांपर्यंत हा खडा पोहोचला, यावरून त्याची प्रतिष्ठा आणि त्या काळच्या व्यापाराचा पल्ला ध्यानी येतो. हाच खडा युरोपात समुद्रमार्गे जाई, म्हणून तिकडे त्यापासून केलेल्या रंगाला ‘समुद्रापलीकडचा’ या अर्थाचे ‘अल्ट्रामरीन’ हे नाव पडले. त्याची किंमत सोन्याशी तोलली जात असे.

१८२४ मध्ये फ्रान्समधील उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने हा रंग कृत्रिम रीतीने बनवून दाखविणाऱ्यास ६,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. अट अशी, की रंग किलोला ३०० फ्रँकपेक्षा महाग पडता कामा नये. १८२८ मध्ये झाँ-बातिस्त गिमे यांनी ते पटकाविले. त्याच सुमारास जर्मनीत ख्रिस्तियान ग्मेलिन यांनीही आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून हा रंग तयार होतो. एकही घटक निळा नाही आणि भट्टीतून बाहेर येते ते मात्र लाजवर्दाचे निळे. गिमे कुटुंबाला या कारखान्याने अपार पैसा मिळवून दिला. त्यांचे चिरंजीव एमील यांनी स्थापन केलेले आणि १८८९ मध्ये पॅरिसला आलेले गिमे संग्रहालय आज आशियाई कलेसाठी जगभर विख्यात आहे. निळीच्या पुडीची ही एक अनपेक्षित फलश्रुती म्हटली पाहिजे.

आपल्याकडे या चूर्णाला ‘नीळ’ हेच जुने नाव चिकटले. खरी नीळ म्हणजे रोपाच्या पानांपासून निघणारा कापडाचा रंग. त्याच निळीच्या सक्तीच्या लागवडीविरुद्ध १९१७ मध्ये महात्मा गांधींनी चंपारणमध्ये सत्याग्रह केला. भिंतीच्या आणि धुण्याच्या पुडीत मात्र बहुधा असते ते अल्ट्रामरीन. नावाची ही अदलाबदल निरुपद्रवी आहे. कारण चुन्याच्या दाहकतेपुढे टिकण्याचा गुण अल्ट्रामरीनमध्ये आहे. बर्लिनमध्ये १७०६ च्या सुमारास सापडलेला ‘प्रशियन ब्ल्यू’ अतिशय देखणा आणि गडद, पण चुन्याच्या संगतीत त्याचा निळेपणा नष्ट होऊन तो तपकिरी पडतो. म्हणून चुनकाम करणाऱ्याने हाताशी येईल तो निळा रंग चुन्यात मिसळून पाहणे शहाणपणाचे नाही.

गर्द निळा जेथे शोभतो

आता दुसऱ्या निळ्याकडे वळू. गर्द निळ्या भिंतीचे जगातील सर्वांत गाजलेले उदाहरण मोरोक्को देशातील माराकेश शहरात आहे. झाक माजोरेल या फ्रेंच चित्रकाराने १९२३ मध्ये तेथे जमीन घेतली, हळूहळू बाग फुलविली, १९३१ मध्ये चित्रशाळा बांधून घेतली आणि १९३७ मध्ये ती एका झगझगीत गर्द निळ्या रंगाने रंगविली. तो रंग आज ‘माजोरेल ब्ल्यू’ याच नावाने ओळखला जातो. १९४७ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. पुढे दुर्लक्षित झालेली ही वास्तू १९८० मध्ये ईव्ह सँ लोराँ या वेशभूषाकाराने आणि त्याचे सहकारी पिएर बेर्जे यांनी विकत घेऊन वाचविली.

या वास्तूची छायाचित्रे पाहून अनेकांना आपल्या दिवाणखान्यातही तोच रंग हवासा वाटतो. मात्र छायाचित्रात भिंतीखेरीज आणखी काय आहे, हेही पाहावयास हवे. डोक्यावर मोकळे आकाश आणि आफ्रिकेचे प्रखर ऊन आहे. भिंतीसमोर निवडुंगांची आणि केळींची हिरवी गर्दी आहे, मधूनमधून लिंबासारख्या पिवळ्या कुंड्या आहेत. तो रंग उजेडाच्या सुबत्तेत वाढलेला आहे. तोच दहा फूट बाय बारा फुटांच्या, एकच खिडकी असलेल्या आणि त्या खिडकीसमोर दुसरी इमारत उभी असलेल्या खोलीच्या चारही भिंतींवर लावला, तर दुपारी बारा वाजता दिवा लावण्याची पाळी येते.

यामागचा हिशेब सोपा आहे. रंग बनविणाऱ्या कंपन्या प्रत्येक छटेचा प्रकाश-परावर्तनाचा आकडा काढतात. भिंतीवर पडलेल्या शंभर भाग उजेडापैकी किती भाग ती परत फेकते, हे तो आकडा सांगतो. शुभ्र रंगाचा हा आकडा ८० च्या वर असतो, अस्मानी छटांचा मध्यम असतो, तर गर्द निळ्याचा बहुधा १० च्या आत. पांढरी भिंत ही व्याजासह परतफेड करणाऱ्या खातेदारासारखी म्हटली, तर गर्द निळी भिंत उजेड घेते आणि ठेवून घेते. अशी एक भिंत घरात असण्यास हरकत नाही, फक्त बाकीच्या तीन भिंतींनी आणि छताने तिचा भार उचलला पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता निळा’ हा नसून ‘कोणती भिंत’ हा आहे. ज्या भिंतीत खिडकी आहे, ती भिंत गर्द रंगवू नये. खिडकीतून येणारा लख्ख प्रकाश आणि तिच्या भोवतालचा काळोखा पृष्ठभाग यांतील तफावत डोळ्यांना त्रास देते आणि निळा रंग काळाच दिसतो. खिडकीसमोरची भिंत त्यासाठी सर्वांत योग्य. तिच्यावर समोरून उजेड पडतो आणि रंगाचा खरा पोत तिथेच खुलतो. छत पांढरेच असावे. जमिनीवर फिकट फरशी असेल, तर काम आणखी सोपे होते.

दिशेचाही विचार हवा. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, येतो तो आकाशाचा स्थिर, किंचित निळसर प्रकाश. अशा खोलीत गर्द निळा गंभीर आणि थोडा उदास वाटू शकतो. पश्चिमेकडील खोलीत उतरत्या दुपारचे पिवळे ऊन त्या भिंतीवर पडते आणि निळ्याला ऊब येते. परंतु हे आतल्या भिंतीविषयी झाले. बाहेरच्या पश्चिमेकडील भिंतीला गर्द निळा देणे म्हणजे वैशाखात ऊन विकत घेण्यासारखे आहे. गडद पृष्ठभाग उन्हात तापतो आणि ती उष्णता रात्री घरात उतरते. घराच्या आत, जिथे थेट ऊन पडत नाही, तिथे भिंतीच्या रंगाने तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

‘गडद रंगाने खोली लहान दिसते’ हे वाक्य तर इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याची शहानिशा करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. निळ्याच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. घाटमाथ्यावरून पाहिले, की सह्याद्रीच्या जवळच्या रांगा हिरव्या-तपकिरी दिसतात आणि त्यांच्यामागच्या रांगा निळ्या होत होत आकाशात मिसळतात. निळे ते दूरचे, ही सवय डोळ्याला निसर्गानेच लावली आहे. त्यामुळे लांबट खोलीच्या टोकाची भिंत, पुस्तकांच्या कपाटाची मागची बाजू किंवा देवघराचा कोनाडा गर्द निळा केला, तर ती जागा किंचित मागे सरकल्यासारखी भासते. चारही बाजूंनी मात्र हा परिणाम मिळत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर पितळेची समई, सागवानी चौकट, तांब्याचा घंगाळ किंवा झेंडूचे तोरण जसे उठून दिसते, तसे मोतिया भिंतीवर कधीच दिसत नाही. जयपूरची निळी पॉटरी मात्र या भिंतीसमोर हरवून जाते. तिला पांढरी भिंतच द्यावी.

रात्रीची गोष्ट वेगळी

गर्द निळ्याविषयीच्या बऱ्याच तक्रारी दिवे लागल्यानंतर सुरू होतात. दुकानात, दिवसाच्या उजेडात निवडलेली छटा घरी रात्री करडी किंवा काळपट दिसते आणि दोष रंगाऱ्यावर जातो. वास्तविक दोष दिव्याचा असतो. पिवळ्या प्रकाशात निळ्या किरणांचा अंश कमी असतो. जे किरण भिंतीवर पडतच नाहीत, ते ती परत तरी कशी करणार? जुन्या तारेच्या दिव्यांत हे फार जाणवे. आज एलईडी दिव्यांच्या खोक्यावर केल्विनमध्ये आकडा छापलेला असतो. २७०० किंवा ३००० असेल तर प्रकाश पिवळसर, ६५०० असेल तर दिवसासारखा पांढरा-निळसर. पिवळसर दिव्याखाली बसण्यास बरे वाटते, परंतु निळी भिंत मंदावते. निळसर दिव्याखाली भिंत खुलते, पण माणसांचे चेहरे फिकट दिसतात आणि ताटातील वरण-भातही बेचव वाटू लागतो. ४००० केल्विनच्या आसपासचा दिवा हा बऱ्याच घरांना मानवणारा मध्यममार्ग आहे. भिंतीसाठी छतातून तिच्यावर तिरका पडणारा एखादा स्वतंत्र दिवा ठेवला, तर उत्तम. खोक्यावर रंगांच्या यथार्थ दर्शनाचा आकडाही असतो. तो ९० च्या वर असलेला दिवा थोडा महाग पडतो, पण गर्द भिंतीपुरता एक तरी तसा घ्यावा.

दिवेलागणीच्या आधीची काही मिनिटे मात्र या भिंतीची खास असतात. उजेड कमी होऊ लागला, की डोळ्यांना लाल रंग झपाट्याने काळवंडलेले दिसू लागतात आणि निळे त्यामानाने उजळ राहतात. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी १८१९ मध्ये या गोष्टीची नोंद केली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ज्यांच्या घरी अशी भिंत आहे, त्यांनी एखाद्या संध्याकाळी लगेच दिवा न लावता हा अनुभव घेऊन पाहावा.

या सर्व कारणांमुळे रंगपट्टीवरील नखाएवढ्या तुकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नये. लहान तुकड्यापेक्षा मोठ्या पृष्ठभागावर तोच रंग अधिक तीव्र भासतो. दुकानातून रंगाचा सर्वांत लहान डबा आणावा, दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर त्याचे दोन हात द्यावेत आणि तो तुकडा दोन दिवस खोलीत वेगवेगळ्या भिंतींशी टेकवून ठेवावा. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि दिवे लागल्यावर घरातील सर्वांनी तो पाहावा. काही शे रुपयांचा हा खर्च पुढचे काही हजार वाचवितो.

भिंतीची पूर्वतयारी

पांढरी भिंत बरेच दोष झाकते, गर्द निळी एकही झाकत नाही. लांबी भरताना राहिलेला उंचवटा, पॉलिश पेपरचा ओरखडा, रोलरचा पट्टा, सारे तिच्यावर उमटते. चकचकीत रंगावर तर तिरक्या प्रकाशात भिंत लाटांसारखी दिसते. म्हणून गर्द निळ्यासाठी मॅट किंवा अगदी अल्प तुकतुकी असलेला प्रकार निवडणे बरे. मॅट रंगाचीही अडचण आहे. त्यावर हातांचे डाग बसतात आणि जोराने पुसले, तर तेवढाच भाग चकाकू लागतो. लहान मुलांच्या खोलीत आणि अरुंद बोळात याचा विचार करावा.

त्याहून मोठा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात भिंतीत मुरलेले पाणी बाहेर येताना आतले क्षार सोबत आणते. पांढऱ्या भिंतीवर तो खार सहसा दिसत नाही. निळ्यावर मात्र भुकटी भुरभुरल्यासारखा उठून दिसतो आणि कितीही पुसला तरी परत येतो. पावसाळा संपला, की दिवाळीपूर्वी रंग आटोपण्याची घाई असते, परंतु तेव्हा भिंती कितपत वाळल्या आहेत हे पाहिले जात नाही. एक साधी परीक्षा घरच्या घरी करता येते. हातभर लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावावा आणि एक दिवस तसाच ठेवावा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर गळतीचा उगम शोधून तो आधी दुरुस्त केला पाहिजे. नव्या गिलाव्यालाही सुकण्यास पुरेसा अवधी द्यावा लागतो. जुन्या घरात चुनकामाचे थरावर थर असतील, तर ते पत्रीने खरवडून काढल्याखेरीज त्यांवर प्लॅस्टिक रंग देऊ नये. रंग चुन्याला चिकटतो, पण चुना भिंतीला चिकटून राहत नाही आणि पापुद्रे निघतात. खरवडताना आणखी एक दक्षता घ्यावी. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचे बंधन भारतात २०१६ च्या नियमांनी घातले. त्याआधीच्या तैलरंगांत ते किती असेल याचा भरवसा नाही. म्हणून जुना तैलरंग कोरडा न घासता ओला करून घासावा आणि त्या वेळी लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना खोलीत थांबू देऊ नये.

खर्चाचा अंदाज घेताना बहुतेकांची गफलत होते ती येथे. गर्द छटा ज्या मूळ मिश्रणात तयार होतात, त्यात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड अत्यल्प असते. भिंत झाकण्याचे काम मुख्यतः तेच करीत असल्यामुळे गर्द निळा रंग दिसायला दाट, पण झाकायला विरळ असतो. दोन हातांत भागेल असे समजून डबा आणला जातो आणि दुसऱ्या हातानंतरही खालचा पांढरा डोकावतो. यावर जाणते रंगारी करतात तो उपाय असा, की प्रायमर पांढरा न ठेवता त्याला करडी छटा द्यायची. मग निळ्याचे दोन, फार तर तीन हात पुरतात. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. डब्यावर जो विस्तार छापलेला असेल, तो गुळगुळीत भिंतीसाठी आणि दोन हातांसाठी असतो. गर्द निळ्यासाठी त्याच्या दीडपट रंग धरावा आणि तो सारा एकाच वेळी घ्यावा. यंत्राने मिसळलेल्या दोन डब्यांत सूक्ष्म फरक राहू शकतो. निळ्यात तो भिंतीच्या मधोमध रेघेसारखा दिसतो. दोन डबे असलेच, तर ते बादलीत एकत्र करून मगच ब्रश लावावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना, विशेषतः दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या नोकरदारांना हा खटाटोप परवडत नाही. घर सोडताना भिंत पूर्ववत करून द्यावी लागते. निळ्यावरून पांढऱ्याकडे परतणे हे पांढऱ्यावरून निळ्याकडे जाण्यापेक्षा खर्चिक असते. प्रायमरचा हात आणि त्यावर पांढऱ्याचे दोन-तीन हात द्यावेच लागतात. त्यांनी भिंतीऐवजी सोबत नेता येईल अशी वस्तू रंगवावी. पुस्तकांच्या मांडणीची मागची फळी, लाकडी पडदा किंवा पलंगामागे उभा करण्याचा प्लायवूडचा तक्ता गर्द निळा केला, की नव्या गावी तो नव्या भिंतीला टेकविता येतो. राजस्थानातील बगरू गावचे नीळ दिलेले ठशांचे कापड चौकटीत ताणून बसविले, तरी तेच काम साधते.

ज्यांनी भिंत रंगविली, त्यांनी उरलेला रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून ठेवावा आणि बरणीवर छटेचा क्रमांक, प्रकार व रंगकामाचा महिना लिहून ठेवावा. गर्द मॅट रंगावर नुसत्या डागापुरती केलेली दुरुस्ती ठिगळासारखी दिसते. म्हणून खिळ्याची भोके बुजविताना किंवा ओरखडे झाकताना भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण हात द्यावा लागतो. तेवढा रंग शिल्लक राहील, असा हिशेब खरेदीच्या वेळीच करावा.